माळा, खापर आणि पाचवा वाढदिवस: एका महिन्याच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

ताईचा, म्हणजे माझ्या थोरल्या लेकीचा, पाचवा वाढदिवस ४ मेला. आजपासून बरोबर चार आठवडे. त्याआधी स्वयंपाकघरावरचा माळा रिकामा करायचा, एवढंच ठरवलं होतं. पण स्टोअर सांभाळणाऱ्या बाईनं ‘एवढंच’ म्हणू नये. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात माझं हेच काम: प्लॅस्टिकचा दाणा किती आला, रंग किती गेला, मशिनचे सुटे भाग किती पडून आहेत, रोज लिहायचं. घरातलं मात्र पाच वर्षांत एकदाही मोजलं नाही.

आज रामनवमीची सुट्टी. पंखा पाचवर, दोघं मुलं झोपलेली. मोजायला बसले.

खेळणी ९४, त्यांत बाहुल्या १४. लहान मुलांचे कपडे ६२, पैकी धाकट्याला, म्हणजे भाऊला, अजून होतील असे २०. औषधांच्या बाटल्या ११. झाकणाशिवायचे डबे १९, डब्याशिवायची झाकणं २६. सगळी एकमेकांना लावून पाहिली. जोड्या जुळल्या ४.

दुपारी चहाला आई (सासूबाई) बाहेर आल्या. झाकणांचा ढीग पाहिला, त्यातलं एक उचललं, पदरानं पुसलं, परत ठेवलं. “कामले येई,” म्हणाल्या. ‘कामाला येईल.’ आमच्या घरातला निम्मा माल या दोन शब्दांवर उभा आहे.

८ एप्रिल

एवढा माल साठला कसा, हे जेवताना बोलणं निघालं. यांचं म्हणणं, जागा लहान. माझं म्हणणं, वाढदिवस मोठे.

ताई झाली ४ मे २०२० ला. तिसरं लॉकडाऊन लागलं त्या दिवशी. जळगावात तेव्हा काय परिस्थिती होती ते इथल्या माणसाला सांगायला नको. हे दवाखान्याच्या फाटकाबाहेर, आई-आबा तिकडे गावी अमळनेर तालुक्यात. बारसं झालं ते घरातल्या घरात. नाव फुईनं ठेवायचं, पण फुई (ताईची आत्या) धुळ्याला अडकलेली. मग व्हिडिओ कॉल लावून मोबाइलच पाळण्यात कानाशी धरला आणि तिनं तिकडून ‘कुर्रर्र’ केलं. रेंज गेली, म्हणून दोनदा करावं लागलं. पहिला वाढदिवस २०२१ चा, दुसऱ्या लाटेतला. रव्याचा केक कुकरमध्ये केला आणि चौघांनी खाल्ला.

तो राहिलेला उत्साह आम्ही नंतर वसूल केला. २०२३ ला हॉल, २०२४ ला त्याहून मोठा हॉल. दोन वर्षांत मिळून भेटी आल्या ५४. ज्यांनी दिल्या त्यांच्या मुलांच्या वाढदिवसांना आम्हीही गेलो, तिथून रिटर्न गिफ्टच्या पिशव्या आल्या. त्या पिशव्यांतल्या शिट्ट्या, भिंगऱ्या, पेन्सिलींवर बसवलेली रबरी डोकी, सगळं आत्ता माझ्यासमोर एका बुटाच्या खोक्यात आहे.

१३ एप्रिल, रविवार

माळा. शेजारून शिडीचा घोडा आणला. सकाळी सातलाच चढले, कारण दहानंतर सिमेंटच्या छताखाली डोकं घालणं म्हणजे तंदुरात घालणं.

वरून खाली आलेलं: मिक्सरचं रिकामं खोकं (मिक्सर २०१९ मध्येच जळला). कारखान्यातून आणलेल्या, डिझाइन चुकलेल्या चटया ३. आई-आबा २०२२ मध्ये कायमचे इकडे आले तेव्हाच्या पत्र्याच्या पेट्या ४, त्यांतली एक कुलूपबंद. पितळी हंडा १, कळशा २. बिबडे (ज्वारीचे पापड) वाळवायचं जुनं धोतर. थर्माकोलचा तीनचा आकडा, दोन फूट उंच, चमकी लावलेला. प्लॅस्टिकच्या काड्यांवरचे फुगे, एक जुडगा.

हा तीनचा आकडा पाहून माझी मलाच लाज वाटली. सजावटीचं थर्माकोल आणि फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या देशभर बंद झाल्या १ जुलै २०२२ ला. आमचा वाढदिवस मे २०२३ चा. दुकानदारानं आतल्या खोलीतून काढून दिला आणि मी पिशवीत घालून आणला. मी, जी प्लॅस्टिकच्या कारखान्यात काम करते आणि कोणता दाणा चालतो, कोणता नाही, ते दुसऱ्यांना सांगते. आता हा ना भंगारवाला घेतो, ना जाळता येतो. मोडून सुक्या कचऱ्यात दिला. मोडताना त्याचे दाणे घरभर उडाले, भाऊनं दोन तोंडात घातले, ते बोट घालून काढले.

रद्दी ३१ किलो, १४ रुपये दरानं ४३४ रुपये. त्यात स्पर्धा परीक्षेची यांची पुस्तकं होती. यांनी स्वतः तागडीत ठेवली. मी काही बोलले नाही.

शेवटी कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेलं एक मडक्यासारखं काहीतरी: काळंकुट्ट, तोंड फाकलेलं, बुडाला केसासारखी चीर. फुटकं म्हणून कचऱ्याच्या बाजूला ठेवलं. उद्या सकाळी घंटागाडी.

१४ एप्रिल

सुट्टी. भांडेवाली आली. जुन्या साड्या ६, पँटी ४, ताईचे फ्रॉक ९. तिनं पायरीवर बसून एकेक कपडा उजेडात धरला, शिवणीपाशी ताणून पाहिला, आणि फ्रॉक सगळे बाजूला सारले. “लहान मुलांचं कोण घेतं बाई, ते तर आपसातच फिरतं.” खरं आहे. भाऊचं पहिलं झबलंही आईंच्या मऊ पडलेल्या साडीचं होतं आणि त्याची पहिली टोपी माझ्या बहिणीच्या मुलाची. साड्या-पँटींवर स्टीलचं पातेलं मागितलं, गंज (उभट भांडं) मिळाला, त्यावर एक चमचा वाढवून घेतला. म्हणजे पसारा कमी करायला बसले आणि एक गंज वाढला. आवक-जावक दोन्ही बाजूंना लिहिलं.

१७ एप्रिल

औषधं. ११ पैकी ९ बाटल्यांची मुदत संपलेली. मोरीत ओतायची नाहीत, मुलांच्या हाती लागतील अशी कचऱ्यात टाकायची नाहीत. वेगळ्या पिशवीत बांधून घंटागाडीवाल्याला हातात दिली आणि काय आहे ते सांगितलं. बाटलीवरची मापाची टोपणं मात्र आईंनी ठेवून घेतली. सात टोपणं.

२० एप्रिल, रविवार

कागदपत्रं. हे काम अर्ध्या तासाचं समजले होते.

पहिल्या फाइलीत ताईचं लसीकरणाचं कार्ड सापडलं. दीड वर्षापर्यंतच्या सगळ्या रकान्यांत शिक्के. खाली एक रकाना कोरा: डीपीटीचा दुसरा बूस्टर, वय ५ ते ६ वर्षं. कार्ड हरवलं असतं तर हा रकाना आम्हा कुणाच्या ध्यानातही नव्हता.

दुसऱ्या फाइलीत जन्माचा दाखला. प्लॅस्टिकच्या कव्हरात, नीट. आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख, ठिकाण. आणि ‘बालकाचे नाव’ यापुढे एक आडवी रेघ.

दोनदा वाचलं. यांना बोलावलं. यांनी दाखला हातात घेतला, उलटा करून मागची बाजू पाहिली, जणू नाव तिकडे असेल. मग आठवलं. दाखला काढला तेव्हा बारसं व्हायचं होतं. “नाव नंतर चढवून घ्या” असं सांगितलं होतं, आणि ‘नंतर’ म्हणजे लॉकडाऊन उठल्यावर. ते उठलं, पुन्हा लागलं, पुन्हा उठलं. केजीच्या प्रवेशाला यांनी याचीच झेरॉक्स जोडली होती, तेव्हाही रेघेकडे आमचं लक्ष गेलं नाही.

फुईनं दोनदा ‘कुर्रर्र’ केलेलं नाव सरकारदरबारी पोचलंच नाही.

नियम पाहिला. जन्माची नोंद झाल्यापासून बारा महिन्यांत नाव विनाशुल्क चढवता येतं, त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे वेळ गेलेली नाही, फक्त आमची गेली. पुढच्या वर्षी पहिलीचा प्रवेश आहे, त्याआधी झालंच पाहिजे. हे सुट्टी घेऊन सतरा मजलीत जाणार आहेत. (महापालिकेच्या इमारतीला जळगावात कोणी महापालिका म्हणत नाही.)

आबांच्या फाइलीला हात लावला नाही. सातबारा, आठ-अ, फेरफाराच्या नकला, सोसायटीच्या पावत्या, १९८० च्या दशकातल्या कापूस विक्रीच्या पट्ट्या. आबा खुर्चीवर बसून लक्ष ठेवून होते. सातबारा आता मोबाइलवर निघतो, म्हटलं. “निघू दे,” म्हणाले, आणि फाइल मांडीवर घेतली.

२१ एप्रिल

संध्याकाळी कामावरून आले. आई स्टुलावर उभ्या, माळ्यात डोकावत.

“पोरी, मनं खापर कोठे शे?”

मी विचारलं, कसलं खापर? आणि विचारताविचारताच कळलं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० ला आहे. आखाजीला पुरणाची पोळी, ती खापरावरची. पंधरा वर्षं जाळावर बसलेलं ते खापर. तव्यासारखं सपाट नाही, उपडं ठेवायचं, त्याच्या घुमटावर पोळी पडते. त्याची चीर त्यांना ठाऊक होती. त्या अंगाला त्या जाळ कमी घालायच्या. गावाहून येताना टेम्पोत पितळी हंडा मागं टाकला होता आणि खापर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हे मला आज कळलं.

मी सांगितलं, घंटागाडीत गेलं.

“राहू दे,” म्हणाल्या आणि स्टुलावरून उतरल्या. मी हात दिला तो धरला नाही.

२२ एप्रिल

घरात बोलणं कमी.

कारखान्यात फाटकावर एक नियम आहे: माल ज्या खात्याचा, गेटपासवर सही त्या खात्याची. स्टोअरवाल्याला वाटलं हे भंगार आहे, म्हणून ते भंगार होत नाही. गेल्या वर्षी एका नव्या पोरानं ‘गंजलेला तुकडा’ म्हणून मशिनचा साचा भंगारात काढला होता, त्याला मीच सगळ्यांसमोर झापलं होतं. आज जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोर बसून डबा खाल्ला, घास गिळवत नव्हता.

आजपासून घरातही गेटपास. वहीत चार रकाने: वस्तू, कोणाची, काय करायचं, सही. ताईची सही म्हणजे फुलाचं चित्र. झाकणांपुढे ‘कोणाची’ या रकान्यात ‘आई’ लिहिलं आणि ती २२ झाकणं परत वर ठेवली.

२४ एप्रिल

यांनी खापर आणलं. आखाजीच्या आधी कुंभारांकडे घागरींची रास असते, तिथं शोधून. आईंनी ते डाव्या हातावर तोललं, उजव्या हाताच्या बोटाच्या पेरानं तीन ठिकाणी टिचकी मारली. कान जवळ नेला.

“हाई बद वाजस.” ‘हे बद्द वाजतं.’

बदलून आणलं. दुसरं टिचकीला टणकन वाजलं. हे उन्हातून दोनदा गेले-आले, शर्ट पाठीला चिकटलेला, तरी चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू. “हां, हाई चाली,” ऐकून यांनी माझ्याकडे पाहिलं, मी पातेल्याकडे.

२७ एप्रिल, रविवार

खेळणी, ताईसोबत. तीन ढीग: ठेवायचं, द्यायचं, मोडलेलं. पहिल्या अर्ध्या तासात सगळी ९४ ‘ठेवायचं’मध्ये. मग प्रश्न बदलला. ‘नको आहे का?’ याला ती नेहमी ‘हवं’च म्हणते. ‘हिच्याशी शेवटचं कधी खेळलीस?’ याला तिला उत्तर शोधावं लागतं. एका बाहुलीपाशी खूप वेळ थांबली. तिचे केस ताईनंच कात्रीनं कापलेले, एका पायात बूट नाही. शेवटी म्हणाली, “ही मला ओळखतच नाही.” द्यायच्या ढिगात.

मोडलेली १७ गेली. चांगली २१ कॉलनीतल्या अंगणवाडीत द्यायची, तिथल्या सेविकाताईंना आधी विचारलं. बॅटरीवर ओरडणारी नकोत, म्हणाल्या, बाकी चालतील. उरली ५६. केसकापली बाहुली अंगणवाडीला देण्यासारखी नव्हती, ती त्या ५६ मध्येच वेगळी ठेवली.

वहीत ३८ फुलं काढून घेतली. शेवटच्या दहा-बारा नुसत्या रेघा.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

रजा टाकली. खरं म्हणजे सासुरवाशिणीची आखाजी माहेरी असते. यंदा मी खापराच्या अपराधापायी इथेच. फुई मात्र धुळ्याहून तिच्या माहेरी, म्हणजे आमच्याकडे आली.

सकाळी आबांनी पितरांच्या नावानं घागर भरली, वर डांगर (खरबूज) आणि आंबा ठेवला. आमच्याकडे त्याआधी आंबा कोणी चाखत नाही. ताईला पंधरा दिवस थोपवून धरली होती.

मग गच्चीवर विटांची चूल. ऊन तापायच्या आत, साडेसातला. नवं खापर एकदम तापवलं तर तडकतं, म्हणून आईंनी तासभर नुसत्या काटक्यांचा जाळ ठेवला. पाण्याचे शिंतोडे मारून पाहायच्या, ते कसे उडतात त्यावर जाळ पुढे-मागे. कणीक इतकी सैल की माझ्या हातात राहीना. पुरण भरलेला गोळा थोडा लाटून त्यांनी दोन्ही हातांवर घेतला, कोपरापर्यंत, आणि हात एकाआड एक फिरवत गेल्या. पोळी परातीएवढी झाली, मग परातीबाहेर. एका झोकात खापरावर.

पहिली फाटली, दुसरी चिकटली. “नवं शे,” एवढंच त्या म्हणाल्या. तिसरी निघाली. चौथी त्यांनी माझ्या हातांवर दिली. ती माझ्या मनगटापाशी लोंबून जमिनीवर पडली, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा आई हसल्या, खो-खो, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. धुरानंही असेल.

आमरस, पोळी, झोप.

१ मे

वाढदिवसाचा आराखडा. हॉल नाही. वेळ संध्याकाळी सहा, गच्चीवर. मुलं ११. ‘भेटवस्तू आणू नका, घरातलं एक खेळणं आणा आणि इथलं एक घेऊन जा’ असा निरोप सगळ्यांना पाठवला. वरणबट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, आमरस. केक अर्धा किलो.

फुईला निरोप पटला नाही. “लोक म्हणतील जुनी खेळणी वाटली.” म्हणू देत. तिनं मात्र तिची भेट आधीच आणून कपाटावर ठेवली आहे. खोकं मोठं आहे.

४ मे, रविवार

आईंनी कणकेचे पाच दिवे केले, ताईला पाटावर बसवून ओवाळलं. मग केक. मग डिझाइन चुकलेल्या तीन चटया जोडून अंथरल्या आणि खेळण्यांचा बाजार मांडला.

एक मुलगा पिस्तूल घेऊन आला, त्यात बॅटरीच नव्हती, ते कोणी घेईना. शेवटी भाऊनं घेतलं, त्याला बॅटरी लागत नाही, तोंडानं आवाज काढतो. ताईनं स्वतः मांडलेली गुलाबी स्कूटर दुसऱ्याच्या हातात दिसताच भोकाड पसरलं. स्कूटर परत घेतली, त्या मुलाला दोन गाड्यांतली एक निवडायला दिली. मोठ्या माणसांचा गेटपास असा रद्द झाला असता तर मी ऐकून घेतलं नसतं.

केसकापली बाहुली मागच्या गल्लीतल्या साडेतीन वर्षांच्या मुलीनं उचलली आणि खाली ठेवलीच नाही. बट्टीही एका हातानं खाल्ली.

रात्री नऊ वाजता बेल. तीच मुलगी, बापाच्या कडेवर. “तिचा दुसरा बूट द्या.”

शोधाशोध. खेळण्यांत नाही, कपड्यांत नाही. आई स्टूल घेऊन आल्या, माळ्यावरून झाकणांचा डबा काढला, तळाशी हात घातला. बूट.

माझ्याकडे पाहत दिला. शब्द काही बोलल्या नाहीत. गरज नव्हती.

५ मे

मोजणी. खेळणी सुरुवातीला ९४, गेली ३८, बाजारात ११ गेली ११ आली, सांगूनही आलेल्या भेटी ९. शिल्लक ६५. फुईच्या खोक्यात स्वयंपाकघराचा सेट निघाला, २७ तुकडे. तो एक नग धरला आहे.

झाकणं २२, कायम. औषधांची टोपणं ७. खापर १, माळ्यावर, नव्या गोणपाटात, ‘कोणाची’ या रकान्यात आई, सही घेतली. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, सासरचं आडनाव धरून.

बाकी कामं: डीपीटी, शनिवारी. जन्मदाखल्यावर नाव, यांची रजा मंजूर झाली की. आणि आईंच्या हिशेबानं ताईचा वाढदिवस अजून झालेलाच नाही. ती आखाजीनंतर आठव्या दिवशी झाली होती, तो दिवस यंदा ८ तारखेला येतो. हरभऱ्याची डाळ एक किलो आणायची, गूळ घरात आहे.